भाटकार आजोबांची इस्टेट वाटायची आहे? आधी कोण कधी गेलं ते लिहून काढा

चवथीला घरी पंचवीस-तीस माणसं जमतात. दुपारची पानं उठली, की वसरीवर कोणीतरी हमखास विषय काढतो, "आता एकदा वाटण्या करून टाकूया." मग रस्त्याकडचं भाट (माडांची बागायत) कोणाला, विहीर कोणाची, माडीवरची खोली कोण वापरतं, यावर संध्याकाळच्या आरतीपर्यंत वाद चालतो आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाबरोबर विषयही बुडतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. एका चवथीला आम्ही ठरवलं, की आज जमिनीबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. फक्त एका कागदावर लिहायचं, की घरातलं कोण कोणत्या तारखेला गेलं, त्या वेळी त्याच्या मागे कोण होतं आणि लग्न कधी झालं होतं. पुढची सगळी वाटणी त्या एका कागदावर उभी राहिली.

हा लेख गोव्यातल्या अशा घरांसाठी आहे, जिथे पोर्तुगीज अमलात पणजोबा-आजोबांच्या नावावर भाटं, कुळागर (पोफळींची बाग), शेतं होती आणि आज वारस पणजी, पुणे, दादर, लिस्बन असे पांगलेले आहेत. पुढचं सगळं वाचूनही शेवटी दिवाणी कामातला गोव्याचा वकील लागतोच. पण त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाणं आणि हा कागद घेऊन जाणं यात दोन-तीन वर्षांचा फरक पडतो.

सातबारावाल्या नातेवाइकांचं ऐकू नका

महाराष्ट्रात राहणारे काका-मामा लगेच "हिंदू वारसा कायदा, २००५ ची दुरुस्ती" वगैरे सांगू लागतात. तो कायदा गोव्यात लागूच नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून आली. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी १९६२ च्या केंद्रीय कायद्याने ती चालू ठेवली. वारसा आणि वाटणी यांबद्दलचा तिचा भाग आता गोव्याच्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आला आहे. तो कायदा २०१२ चा, पण अमलात २०१६ साली आला. माणूस त्याआधी गेला असेल तर जुनी संहिता, नंतर गेला असेल तर नवा कायदा. सांगाडा दोन्हींचा एकच आहे आणि तो हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना सारखा.

चार गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा.

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक धरली जाते, माहेरून किंवा वडिलांकडून वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे आजोबा गेले तेव्हा निम्मी इस्टेट आजीची आधीपासूनच होती. ती तिला वारशाने मिळाली नाही, ती तिचीच होती. वाटणी फक्त उरलेल्या निम्म्याची होते.

मुलगा-मुलगी भेद नाही, आणि तो पूर्वीही नव्हता. "आत्यांना लग्नात दिलं की" हे वाक्य कोर्टात चालत नाही. मात्र लग्नात खरोखरच काही मालमत्ता लिहून दिली असेल, तर ती हिशेबात परत मिळवून मग वाटे काढतात.

तिसरी गोष्ट मृत्युपत्राची. मुलंबाळं असताना माणसाला स्वतःच्या निम्म्याच वाट्याचं मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करता येतं. उरलेला निम्मा वारसांचा राखीव. गोव्यातल्या जुन्या घरांत सांभाळणाऱ्या मुलाच्या नावाने हा 'क्वोटा' लिहून दिलेला पुष्कळदा सापडतो, आणि घरातल्या बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

चौथी, वारसांची रांग. आधी मुलं आणि त्यांची मुलं. ती नसतील तर आई-वडील. तेही नसतील तर भावंडं आणि त्यांची मुलं. आणि त्यानंतर कुठे हयात नवरा किंवा बायको. बाहेरच्याला हे क्रूर वाटतं. पण जोडीदाराचा निम्मा भाग आधीच बाजूला काढलेला असतो, हे लक्षात घेतलं की त्यामागचा विचार कळतो.

तारखा का महत्त्वाच्या: एक गणित

हे गणित वहीत स्वतः करून पाहा. समजा भाट १६,००० चौरस मीटरचं आहे. भाटकार १९५७ साली गेले. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली, सगळ्यांची लग्नं झालेली.

१९५७ साली आजीचे ८,००० मीटर. उरलेले ८,००० चार मुलांत, प्रत्येकी २,०००.

धाकटा मुलगा १९६५ साली गेला, मूलबाळ नाही. त्याच्या २,००० मधले १,००० त्याच्या बायकोचे, कारण तिची निम्मी मालकी. उरलेले १,००० वारशात जातात. मुलं नाहीत, आई हयात आहे, म्हणून ते आईकडे. आजीचे झाले ९,०००.

आजी १९७१ साली गेली. तिचे ९,००० हयात तीन मुलांत, प्रत्येकी ३,०००. शेवटचा हिशेब: तिघांच्या तीन शाखांना ५,००० प्रमाणे १५,००० आणि धाकट्या काकूला १,०००.

आता फक्त दोन मृत्यूंची अदलाबदल करा. आजी आधी गेली, धाकटा नंतर. मग आजीच्या मृत्यूनंतर चौघांकडे प्रत्येकी ४,०००. धाकट्याच्या ४,००० मधले २,००० बायकोचे, आणि उरलेले २,००० तीन भावंडांत. काकूचा वाटा १,००० वरून २,००० झाला, दुप्पट. जमीन तीच, माणसं तीच, फक्त कोण आधी गेलं ते बदललं.

म्हणून माझा आग्रह आहे, की सुरुवातीला झाड काढू नका, यादी काढा. वंशवृक्षात कोण कोणाचं ते कळतं, कोण कोणाच्या आधी गेलं ते कळत नाही. मृत्यूंची यादी तारखेनुसार लावा आणि प्रत्येक नावासमोर त्या दिवशी हयात असलेल्यांची नावं लिहा. प्रत्येक मृत्यू ही एक स्वतंत्र वाटणी आहे. कोर्टात मात्र एकाच प्रकरणात आजोबा-आजी दोघांचाही वारसा एकत्र घेता येतो.

आणि जावई-सुना विसरू नका. सामाईक मालकीमुळे वारसाचा जोडीदार हाही पक्षकार असतो. त्याची सही नसेल तर दस्त लंगडा.

दाखले, आणि नावांचा गोंधळ

जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद गोव्यात १९१४ पासून आहे. त्या त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात उतारे मिळतात. फार जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेखागारात गेलेली असतात. उतारा पोर्तुगीजमध्ये असला की भाषांतर करून घ्यावं लागतं.

खरा ताप नावांचा. पोर्तुगीज कारकुनाने प्रभूचं पोरोबो केलं, शेणवीचं सिनाय केलं, नायकाच्या शेपटाला एक ई लावली. बायकांचं तर विचारूच नका. आमच्या थोरल्या आत्याचं जन्माच्या नोंदीत एक नाव, लग्नाच्या नोंदीत सासरचं दुसरं आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच, कारण तो दाखला मुंबईत काढलेला आणि घरात तिला ज्या नावाने हाक मारत तेच तिथे लिहिलेलं. तिन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करण्यात आमचे सात महिने गेले. तुम्ही हे काम पहिल्याच महिन्यात सुरू करा. नाव जुळत नसेल तिथे लाल पेनाने खूण करत जा आणि प्रत्येक खुणेसाठी प्रतिज्ञापत्र लागणार हे गृहीत धरा.

जमिनीचे तीन जुने कागद आणि एक नवा

आज सगळे एक-चौदाचा उतारा बघतात, म्हणजे सर्व्हे नंबर, क्षेत्र, कब्जेदार, कूळ, इतर हक्क. तो ऑनलाइनही दिसतो. पण एक-चौदा हा १९६८ च्या जमीन महसूल कायद्यानंतर झालेल्या मोजणीतून आला. मोजणीदार दारात आला तेव्हा घरी जो होता त्याचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात चढलं, अशी उदाहरणं गावोगाव आहेत. आमच्याकडे तीन सर्व्हे नंबरांवर आजोबांच्या फक्त धाकट्या भावाचं नाव होतं, कारण बाकीचे मुंबईत नोकरीला. त्यावरून पुढच्या पिढीने "हे आमचंच" असं धरून चालणं आणि आपण ते खोटेपणा समजणं, दोन्ही चुकीचं.

एक-चौदाच्या मागे जा. लँड रजिस्ट्रेशनच्या पुस्तकांत प्रत्येक मिळकतीचं 'देश्क्रिसांव' असतं. भाटाचं नाव, चारी दिशांचे शेजारी, क्रमांक. तिथेच ती कोणाच्या नावावर चढली त्याची वेगळी नोंद असते. दुसरा कागद मातरीझचा, म्हणजे जुन्या कराची नोंद. तिसरा घरातल्या पेटीतला 'इश्क्रितूर', मूळ खरेदीखत किंवा जुनी वाटणी.

जुन्या वर्णनाला सर्व्हे नंबर नसतो आणि सर्व्हे नंबराला भाटाचं नाव नसतं. दोन्ही जुळवायचे ते शेजाऱ्यांवरून. पूर्वेला कोमुनिदादची, म्हणजे गावकरी संस्थेची जमीन, पश्चिमेला व्हाळ, उत्तरेला अमक्याचं भाट, दक्षिणेला पाऊलवाट. व्हाळ अजून तिथेच असतो, तिथून सुरुवात करा. गावातला सत्तरीचा पाडेली सोबत न्या. माडावर चढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला कुठल्या रांगेपासून कोणाचे नारळ, हे कुठल्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असतं.

आणखी एक सावधगिरी. बाहेर राहणाऱ्या वारसांच्या जमिनी पोर्तुगीजकाळातली बनावट खतं तयार करून परस्पर विकल्याची प्रकरणं इतकी निघाली, की २०२२ साली राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. वाटणी पाच वर्षांनी होवो, पण आपल्या सर्व्हे नंबरांचे उतारे दर सहा महिन्यांनी काढून तारखेसह फाइलला लावत जा. कब्जेदाराच्या जागी 'कस्टोडियन' दिसला, तर आजोबांचा कोणी भाऊ मुक्तीनंतर पोर्तुगालला गेला होता का ते विचारा. तो निर्वासित मालमत्तेचा विषय, आणि त्याची वाट वेगळी आहे.

जे आपलं राहिलं नाही ते यादीतून काढा

भाटकारांच्या घरात या टप्प्यावर रडारड होते. आजोबांच्या वहीत दहा शेतं असतात. पण कुळांनी कसलेली भातशेती कूळकायद्याच्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कुळांची झाली. भाटकाराच्या वारसांकडे राहिली ती ठरलेली किंमत, जमीन नव्हे. उताऱ्यात कब्जेदार म्हणून अजून आजोबाच दिसत असतील, पण कुळाच्या रकान्यात नाव असेल तर ते शेत वाट्यात मोजू नका. ज्याच्या वाट्याला ते येईल तो तुम्हाला आयुष्यभर शिव्या घालेल.

मुंडकारांचंही, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचंही, तसंच. १९७५ च्या कायद्याने भाटातल्या मुंडकाराला घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका क्षेत्रात २०० पर्यंत. पाच मुंडकारघरं असलेलं भाट म्हणजे दीड हजार मीटर आधीच गेलेले. माझं मत असं, की वाटणीआधीच मुंडकारांना बोलावून त्यांच्या जागा मोजून मोकळ्या कराव्यात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली माणसं आहेत. त्यांना पाच नव्या मालकांच्या दारी फिरवण्यात काय शोभा?

देवळाची माजनी (महाजनकी) आणि कोमुनिदादचा झोण (गावकऱ्याला मिळणारा उत्पन्नाचा वाटा) हे व्यक्तीचे, वंशाचे हक्क. ते जमिनीसारखे कापून वाटता येत नाहीत. कोमुनिदादचे शेअर मात्र मालमत्ता आहेत, ते यादीत घ्या. बँकेतलं जुनं खातं, सोनं, आजोबांनी मुंबईत घेतलेली खोली, हेही घ्या. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची राज्याबाहेरची मालमत्ताही गोव्याच्याच वारसा नियमांनी वाटली जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं आहे. दादरच्या खोलीला वेगळा न्याय नाही.

मीटर सारखे म्हणजे वाटे सारखे नव्हेत

आता कुठे जमिनीकडे वळायचं. प्रादेशिक आराखड्यात कुठला तुकडा वस्तीच्या विभागात आहे, कुठला बागायतीत, कुठे खासगी वनाचा शिक्का आहे, कुठे किनारी नियमन लागतं, हे प्रत्येक सर्व्हे नंबरासमोर लिहा. वस्ती विभागातले ५०० मीटर आणि काजूच्या मोरडीचे (डोंगरउताराचे) ५,००० मीटर यांत भाव कोणाचा जास्त, हे सांगायची गरज नाही. मग रस्ता, विहीर, पाण्याचा पाट, फळ देणारे माड, पोफळी. कुळागर तर पाण्याच्या वाटेवरच जगतं. वरच्या भागाचा मालक पाट वळवून बसला तर खालची सुपारी एका उन्हाळ्यात वाळते. पाण्याची पाळी आणि येण्या-जाण्याची वाट ही दस्तात मीटर-रुंदीसह लिहिलेली असली पाहिजे. "आपल्यात काय लिहायचं" असं जो म्हणतो, त्याच्या मुलांशी तुमच्या मुलांना व्यवहार करायचा आहे.

मोठं घर हा सगळ्यांत अवघड भाग. राजांगणाच्या चार बाजू चौघांना, अशी वाटणी कागदावर छान दिसते आणि पहिल्या पावसाळ्यात गळणाऱ्या वाशावरून मोडते. आम्ही घर एका शाखेला दिलं, त्याबदल्यात बाकीच्यांना जमीन जास्त दिली. देवघर, चौकी आणि तिथवर जाण्याची वाट मात्र सामाईक ठेवली. चवथीचे दिवस आणि खर्चाची पाळी तीही लिहिली. काही घरांत वाटे कागदावर मांडून देवीसमोर चिठ्ठ्या टाकतात. पद्धत उत्तम आहे, फक्त ज्याने वाटे पाडले त्याने चिठ्ठी सगळ्यांत शेवटी उचलावी.

दस्त की इन्व्हेंटरी

सगळे वारस सज्ञान असतील आणि खरोखर एकमत असेल, तर आधी विशेष नोटरीसमोर वारसाचा दस्त आणि मग नोंदणीकृत वाटणीपत्र. काम झालं. ज्याला वाटा नको तो हक्क सोडून देऊ शकतो. पण असा सोडलेला हक्क "फक्त माझ्या भावाला" असा जात नाही, उरलेल्या सहवारसांकडे जातो. एकालाच द्यायचा असेल तर तो वेगळा दस्त आणि त्याचा वेगळा खर्च. हक्क सोडणाऱ्याला हा फरक समजावून सांगा, नाहीतर नंतर तुमच्यावरच फसवल्याचा आळ.

वारसांत अज्ञान मूल असेल, कोणी बेपत्ता असेल किंवा एकमत नसेल, तर इन्व्हेंटरी. लोक या शब्दाला उगाच घाबरतात. हा नेहमीच्या अर्थाने खटला नाही, कोर्टाच्या देखरेखीखाली केलेली वाटणी आहे. कोर्ट एकाला काबेसा द काझाल नेमतं, म्हणजे इस्टेटीचा कारभारी. पहिला मान हयात जोडीदाराचा. तो शपथेवर सांगतो, की कोण गेलं, वारस कोण, लग्नं कशी झाली, मृत्युपत्र आहे का. मग मालमत्तेची यादी किमतीसह. इतरांना हरकती घेता येतात. त्याने काही लपवलं आणि ते सिद्ध झालं, तर लपवलेल्या वस्तूतला हक्कच गमवायची वेळ येते. म्हणून यादीत काकीच्या कपाटातली चांदीची समईसुद्धा घालावी.

त्यानंतर सगळ्यांची बैठक, आणि तिथे जमलं तर तसंच वाटप. नाही जमलं तर लिलाव, पण फक्त आपसातला, बाहेरचा माणूस नाही. एखादं भाट दोघांना हवं असेल तर दोघं बोली वाढवत जातात. ज्याची बोली त्याच्या वाट्याहून जास्त होते, त्याने वरची रक्कम बाकीच्यांना द्यायची. कोर्टाच्या कागदात त्याला ओवेल्टी म्हणतात. इथे माणसं हट्टाला पेटून बोली चढवतात. आमच्या एका चुलतभावाने बालपणीच्या आंब्यासाठी पूर्ण भाट घेतलं आणि रक्कम भरायला दुसरं विकायच्या घाईला आला. लिलावाच्या आदल्या रात्री आपली कमाल रक्कम कागदावर लिहून जोडीदाराकडे द्या आणि त्याला शेजारी बसवा.

शेवटी वाटणीचा तक्ता होतो, त्यावर हरकती ऐकून न्यायाधीश तो कायम करतात.

मधल्या काळात कोणी वैतागून आपला अविभक्त हिस्सा बिल्डरला विकायला निघाला, तर इतर सहमालकांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. पण त्याला मुदत असते. कळल्या दिवशीच वकिलाला फोन करा, चवथीची वाट पाहू नका.

परदेशातल्या वारसाकडून मुखत्यारपत्र मागवताना ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिल शिक्क्यासह करून घ्या, आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. पाकीट न फोडता कपाटात ठेवलेलं मुखत्यारपत्र मी पाहिलं आहे.

दस्त झाला, काम संपलं नाही

वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूम हातात आला की लोक पेढे वाटतात आणि फाइल बांधून ठेवतात. एक-चौदावर मात्र आजोबाच राहतात. फेरफारासाठी मामलेदाराकडे अर्ज, आणि एका सर्व्हे नंबराचे तुकडे झाले असतील तर विभाजनासाठी वेगळा अर्ज. मग भूमापनाचा माणूस येऊन मोजतो आणि नवे पोटहिस्से पडतात. ही मोजणी एप्रिल-मेमध्ये होईल असं बघा. पावसाळ्यात मोरडीत कंबरभर रान वाढतं आणि खुणा दिसत नाहीत.

मोजणीदार असताना जिथे कोपरे पडतील तिथे त्याच दिवशी चिरे पुरून घ्या. त्यासाठी मजूर आणि चिरे आदल्या दिवशीच आणून ठेवावे लागतात. आम्ही हद्दीवरच्या माडांना चुन्याचे पट्टे मारले, एका शाखेला एक पट्टा, दुसऱ्या शाखेला दोन. पुढच्या पाडपाला पाडेली आला, बुंध्याकडे बघून त्याने चार वेगळे ढीग घातले, आणि दोन पट्ट्यांच्या ढिगातले नारळ थोरल्या आत्याच्या नातीने पहिल्यांदाच आपल्या पिशवीत भरून नेले.